सही कुठे करू, हे विचारण्याआधी

वाचकांचे प्रश्न : आजारपण आणि आपण

प्रश्न : माझे वडील 58 वर्षांचे आहेत. तंबाखूची सवय होती. तीन वर्षांपूर्वी गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. मुंबईत ऑपरेशन झालं, मानेत गाठ दिसत नसतानाही तिथल्या ग्रंथी काढल्या, मग रेडिएशनचे शेक दिले. आता पुन्हा आलाय आणि या वेळी ऑपरेशन होणार नाही म्हणतात. डॉक्टरांनी एका औषधचाचणीबद्दल सांगितलं, मराठीतलं माहितीपत्रक दिलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं आहे. भाऊ म्हणतो, गरिबांवर प्रयोग करतात, बाबांना उंदीर करू नका. आई काहीच बोलत नाही. बाबा म्हणतात, डॉक्टर देवमाणूस आहेत, सांगतील तिथं सही करतो. ताई, तुम्ही स्वतः अशा चाचणीत होता असं या सदरात वाचलं होतं. तुम्ही बाबांशी बोलाल का? त्यांना पटवून द्याल का?
एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : बोलेन, जरूर बोलेन. तुमचा फोन नंबर संपादकांकडे द्या, ते माझ्यापर्यंत पोचवतील. पटवून मात्र देणार नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट मला जाणवली. पटवून द्या म्हणता, पण 'हो' म्हणायला की 'नाही' म्हणायला, ते कुठेच लिहिलेलं नाही. कुणीतरी मोठ्या माणसानं एकदाचं ठरवून टाकावं, असं तुम्हाला वाटतंय. अशा आठवड्यात प्रत्येक घरात तसंच वाटतं. आमच्याही घरात वाटलं होतं.

मी पोस्टात काउंटरवर नोकरी केली. खिडकीपलीकडचा माणूस फॉर्म वाचत नाही. 'सही कुठे करू?' एवढंच विचारतो, आणि आम्ही पेन्सिलीनं बारीक फुली मारून देतो. पुढे स्तनाच्या कॅन्सरमुळे मी खिडकीच्या त्या बाजूला गेले, तेव्हा चाचणीच्या को-ऑर्डिनेटर मुलीनं माझ्यापुढे तशाच पेन्सिलीच्या फुल्या मारलेला कागद ठेवला. मुलगी चांगली होती, बाहेर पेशंट ताटकळले होते म्हणून घाईत होती. मी म्हटलं, हे घरी नेऊ का? ती म्हणाली, 'न्या की.' तिच्या त्या दोन शब्दांनी माझी निम्मी भीती गेली. इथं 'नाही' म्हणता येतं हे मला कळलं, आणि मग 'हो' म्हणायचं की नाही याचा विचार मी शांतपणे करू शकले.

तुमच्या बाबांना आज 'नाही' म्हणता येतंय का, हे आधी पाहा. ज्या माणसाला आपण देव मानलं, त्याला नाही म्हणायचं धाडस होत नाही. म्हणून पुढच्या भेटीत बाबांनी डॉक्टरांना सगळ्यात आधी हा प्रश्न विचारावा : 'डॉक्टर, मी यात आलो नाही, तर माझ्यावर काय उपचार कराल?' प्रश्न तुम्ही विचारू नका, बाबांनाच विचारू द्या, त्यांच्या शब्दांत आणि त्यांच्या आवाजात. चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही. तो औषधाचं नाव सांगतो, किती दिवसांनी यावं लागेल, किती खर्च येईल, त्यातून काय साधेल आणि काय साधणार नाही, हे सांगतो. ते ऐकल्यावर बाबांसमोर दोन खऱ्या वाटा असतील. तोवर एकच दिसतेय, आणि एकच वाट असते तेव्हा माणूस निवड करत नाही, तो नुसता ढकलला जातो.

भावाचं म्हणणं उडवून लावू नका. त्याची भीती हवेतली नाही. तेव्हाच्या आंध्रातल्या, आता तेलंगणात असलेल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस देण्याचा एक अभ्यासप्रकल्प चालला होता. तो एप्रिल 2010 मध्ये केंद्र सरकारला थांबवावा लागला. पुढे 2013 मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. आई-वडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं बाहेर आलं होतं. हे आपल्याच देशात घडलं आहे, आणि त्या मुली गरिबाघरच्याच होत्या. त्या काळात रुग्णहक्कांसाठी लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, नियम कडक होत गेले आणि 2019 मध्ये नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांचे नियम आले. भावाला हे सांगा आणि त्याच्याशी वाद घालण्याऐवजी त्याला कामाला लावा. आपल्याकडे प्रत्येक औषधचाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत करणं 15 जून 2009 पासून सक्तीचं आहे. ही नोंदवही, म्हणजे सीटीआरआय, मोबाईलवर कुणालाही पाहता येते. माहितीपत्रकावर नोंदणी क्रमांक असेल, नसेल तर को-ऑर्डिनेटरकडून मागून घ्या. त्यावरून चाचणी कोण करतंय, पैसा कुणाचा, किती माणसं घेणार, एका गटाला काय देणार आणि दुसऱ्याला काय, हे सगळं तिथं दिसतं. भाषा इंग्रजी आणि जड आहे, पण शंकेखोर माणूस असे कागद फार चांगले वाचतो. माझ्या पाहण्यात अशा घरांत भावाचा विरोध विझला नाही तरी त्याचे नेमके प्रश्न झाले, आणि ते प्रश्न पेशंटच्या उपयोगी पडले.

आता बाबांच्या मानेबद्दल. गाठ दिसत नसताना मानेतल्या ग्रंथी, म्हणजे जिथं तोंडाचा कॅन्सर पसरू शकतो त्या लसिकाग्रंथी, का काढल्या, असं तुम्हालाही तेव्हा वाटलं असेल. एकेकाळी सर्जन मंडळींतच यावर वाद होता. काही म्हणत, पहिल्याच ऑपरेशनमध्ये मान साफ करा. काही म्हणत, थांबा, गाठ आली तर पाहू, मानेच्या ऑपरेशननं उगाच खांदा कशाला दुखावायचा? याचा निकाल मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या चाचणीनं लावला. 2004 ते 2014 या काळात 596 पेशंट त्यात आले. कुणाची मान आधी करायची आणि कुणाची थांबून, हे डॉक्टर ठरवत नव्हते, ते यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसं ठरत होतं. तीन वर्षांनी आधी ऑपरेशन झालेल्यांपैकी शंभरातले 80 जण हयात होते, थांबलेल्यांपैकी साधारण 67. निकाल 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. बाबांच्या मानेवरचा व्रण त्या 596 जणांमुळे आहे. त्यांतले बहुतेक आपल्यासारखेच, तंबाखू-सुपारीनं तोंड गेलेले लोक होते. बाबांना हे सांगा. 'उंदीर' हा शब्द त्यांच्याही मनात कुठेतरी टोचत असणार.

पण हे ऐकून चाचणी म्हणजे बरं होण्याचं तिकीट असं समजू नका. बाबांसारख्याच, म्हणजे डोक्या-मानेचा कॅन्सर पुन्हा आलेल्या किंवा पसरलेल्या आणि ऑपरेशन होऊ न शकणाऱ्या पेशंटवर टाटा मेमोरियलमध्ये आणखी एक चाचणी झाली. 151 जण होते. दोन्ही गटांना तोंडानं घ्यायची नेहमीची औषधं मिळाली. एका गटाला त्याच्या जोडीला निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम दिलं, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. हे औषध पूर्ण मात्रेत आपल्याकडच्या फारच थोड्या घरांना परवडतं, म्हणून थोड्यात भागतं का ते पाहायचं होतं. वर्षभरानं फक्त नेहमीच्या औषधांच्या गटातले शंभरी सुमारे 16 जण हयात होते, निवोलुमॅब जोडलेल्या गटातले सुमारे 43. मोठा फरक आहे, जगभर त्याची दखल घेतली गेली. तरीही औषध मिळालेल्यांतले निम्म्याहून अधिक लोक वर्ष पाहू शकले नाहीत, आणि दुसऱ्या गटातल्या लोकांना आपण कुठल्या गटात पडलो हे निवडता आलं नव्हतं. तो फरक आणि ही मर्यादा, या दोन्ही गोष्टी बाबांना सांगायला हव्यात. नुसती पहिली सांगणारा माणूस त्यांना चाचणीत ओढतोय आणि नुसती दुसरी सांगणारा त्यांना घाबरवतोय. बाबांची चाचणी कुठली आहे ते मला माहीत नाही, म्हणून 'दुसऱ्या गटाला काय मिळणार?' हे माहितीपत्रकात बोट ठेवून वाचा. कॅन्सरच्या चाचण्यांत ज्यावर उपचार आहे त्याला सहसा उपचाराविना ठेवत नाहीत, नवं औषध कधी चालू उपचाराच्या जोडीला असतं, कधी त्याच्या जागी. पण ते डॉक्टरांच्या तोंडून ऐका.

माझं सांगते. माझ्या चाचणीत सगळ्यांना नेहमीचा पूर्ण उपचार होता आणि जोडीला रोज एक गोळी, काहींना औषधाची, काहींना तशीच दिसणारी नुसती, औषध नसलेली. चाचणी संपल्यावर मला कळवण्यात आलं की माझी गोळी नुसती होती. राग आला. एवढी वर्षं डायरीत गोळीची वेळ लिहिली, मुलाच्या लग्नाच्या गडबडीतही चुकवली नाही, आणि ती नुसती? तो राग ओसरायला वेळ लागला. बाबांनी सही करण्याआधी स्वतःला हेही विचारावं की मला 'तो' गट मिळाला नाही, तर मी स्वतःला आणि घरच्यांना दोष देत बसेन का? मी आज तो कागद पुन्हा समोर आला तरी सही करेन. सगळ्यांनीच करावी असं माझं म्हणणं नाही.

आता ज्या गोष्टी छापील माहितीपत्रकात ओळभर असतात आणि घरात महिनोन् महिने पुरतात, त्यांवर जरा बोलू. सांगलीहून मुंबई. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर यायचं, सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग डॉक्टरांची वाट पाहायची, परतीची गाडी पुन्हा रात्री. नेहमीच्या उपचारापेक्षा चाचणीत फेऱ्या बहुधा जास्त होतात, रक्ताच्या बाटल्या जास्त भरतात, स्कॅन ठरल्या तारखेलाच करावं लागतं. मग शेतात काढणी असो की घरात बारसं. बाबांबरोबर दर वेळी कोण येणार? ज्याची मजुरी बुडणार तो घरात बोलून दाखवत नाही आणि सहा महिन्यांनी त्यावरूनच भांडण होतं. प्रवासखर्च मिळतो का, सोबतच्या माणसाचाही मिळतो का, हातात केव्हा पडतो, हे विचारायला लाजू नका. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशी ठिकाणं आहेत. रुग्णालयातल्या मेडिकल सोशल वर्करकडून चिठ्ठी आणि खोलीची स्थिती आधीच विचारून ठेवा, रात्री पोचून नाही.

बाबांचं तोंड किती उघडतं? शेकानंतर अनेकांची दोन बोटंही आत जात नाहीत. चाचणीचं औषध गोळीच्या रूपात असेल तर ती गिळता येईल का, कुटून चालेल का, पुढे नळी घालावी लागली तर नळीतून देता येईल का, हे आजच विचारा. हा प्रश्न मला एका पेशंटच्या बायकोनं शिकवला. कुठल्याही माहितीपत्रकात तो नव्हता.

आणखी एक जागा आहे, तिथं बहुतेक लोक थबकतात. संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न विचारतात आणि खाली वारसाचं नाव, पत्ता, नातं. ते वाचून आई रडायला लागेल, आधीच सांगून ठेवा. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची, यासाठी तो रकाना नियमानंच घातलेला आहे. तो रकाना आहे म्हणजे बाबा जाणार असं कुणी गृहीत धरलेलं नाही. बँकेच्या पासबुकातही आपण वारस लावतोच. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट कोण करणार आणि भरपाईचं काय, हा परिच्छेद शोधा. चाचणी औषध कंपनीची असो की रुग्णालयानं स्वतः हाती घेतलेली, हे लिहिलेलं असायला हवं. खाली दोन फोन नंबर असतील. एक डॉक्टरांचा, दुसरा एथिक्स कमिटीचा, म्हणजे चाचणीत पेशंटचे हक्क आणि सुरक्षितता जपली जाते ना हे पाहणाऱ्या समितीचा. ही कमिटी किमान 7 जणांची असते, निम्मे तरी बाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा, त्यात कायद्याचा जाणकार असतो आणि तुमच्या-आमच्यासारखा एक सामान्य माणूसही. पेशंट त्यांना थेट फोन करू शकतो, डॉक्टरांची परवानगी लागत नाही. सही झाली की माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुमच्या हातात मिळालीच पाहिजे. दोन्ही फाईलच्या पहिल्या कप्प्यात ठेवा. रात्री ताप चढला आणि गावच्या डॉक्टरकडे पळावं लागलं, तर त्याला तो कागद आधी दिसला पाहिजे.

बाबांशी बोलताना मी फोन स्पीकरवर ठेवू देणार नाही, एवढं आधीच सांगते. घरचे ऐकत असले की वडीलमाणूस घरच्यांना बरं वाटेल तेच बोलतं. मी त्यांना विचारेन, 'दादा, तुमच्यावर काय करणार आहेत ते मला तुमच्या भाषेत सांगा.' सांगता आलं तर छानच. नाही आलं तर अजून सही करायची वेळ आलेली नाही, आणि तारीख पुढे ढकलून मागण्यात काही गैर नाही. मग त्यांना काय नकोसं वाटतंय ते विचारेन. पेशंटला मरणाची भीती असते असं आपण धरून चालतो. पुष्कळदा त्याला भीती असते ती मुंबईत परक्या जागी, घरच्यांपासून लांब पडून राहण्याची. ते कळलं की निर्णय वेगळाच दिसायला लागतो.

प्रश्न : सासूबाई संधिवाताच्या नव्या औषधाच्या चाचणीत आहेत. त्यांना आता जायचं नाही. पण सही दिली आहे, मधेच सोडलं तर पैसे परत मागतील, त्या दवाखान्यात पुन्हा घेणार नाहीत, असं त्यांच्या मनात बसलं आहे. खरंच सोडता येतं का?
सौ. क., नाशिक

उत्तर : येतं. केव्हाही, कारण न सांगता. संमतीपत्रात हे वाक्य छापलेलं असतं आणि सोडल्यामुळे पुढच्या नेहमीच्या उपचारात फरक पडणार नाही हेही. पैसे कुणी मागू शकत नाही. ते वाक्य शोधून सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा, त्यांचा जीव खाली पडेल.

फक्त गुपचूप जाणं बंद करू नका. काही औषधं एकदम थांबवली तर त्रास होतो, हळूहळू कमी करावी लागतात. फोन करून सांगा. शेवटची एक तपासणी करून जा असं ते म्हणतील, ती करून घेणं सासूबाईंच्याच फायद्याचं आहे. उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या पट्ट्यासुद्धा परत न्या. आतापर्यंत जमा झालेली त्यांची माहिती बहुधा वापरली जाईल, पुढची त्यांच्या परवानगीशिवाय नाही. आणि एकदा प्रेमानं विचारा, नेमकं काय नको झालंय? रिक्षाचा खर्च आणि जिना असेल तर तो सुटण्यासारखा प्रश्न आहे. औषधानं त्रास होत असेल तर तो आजच डॉक्टरांच्या कानावर गेला पाहिजे, सोडायचं असो वा नसो.

प्रश्न : रक्ताच्या कॅन्सरसाठी मी एका चाचणीत होतो. आज ठीक आहे, कामावर जातो. डॉक्टर म्हणतात, नव्या पेशंटशी बोलत जा, त्यांना धीर येतो. मला इच्छा आहे, पण मी काय बोलावं? चुकून कुणाचं नुकसान तर करणार नाही ना?
एक वाचक, पिंपरी

उत्तर : तुम्ही पिंपरीचे, म्हणून जवळचंच उदाहरण देते. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत 2005 मध्ये एचआयव्ही लसीची देशातली पहिली मानवी चाचणी सुरू झाली. त्या कामात समाजातल्या लोकांचं सल्लागार मंडळ होतं. लोकांना काय कळत नाही, कशाची भीती वाटते, हे संशोधकांना सांगणारी माणसं. तुमचं कामही तेच आहे. पेशंटला धीर देताना त्याला काय कळलेलं नाही हेही तुम्हीच डॉक्टरांपर्यंत पोचवू शकता.

तुमचं दिसणंच खूप काम करतं. केस परत आलेला, डबा घेऊन कामावर जाणारा माणूस समोर बसलाय हे पाहून पेशंट सरळ बसतो. आणि तुम्हाला सांभाळायचं तेही इथंच. 'मी बरा झालो, तुम्हीही व्हाल' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. तुमच्याबरोबर चाचणीत असलेल्यांपैकी जे आज नाहीत, ते त्या खुर्चीत बसायला येऊ शकत नाहीत. पेशंटला फक्त तुम्हीच दिसता.

तुमचे दिवस कसे गेले ते सांगा, ते कुणी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही. उलटी कधी व्हायची, वॉर्डात रात्री काय खाल्लं, बायकोला काय जड गेलं, कुठल्या क्षणी सोडावंसं वाटलं. औषधाची मात्रा, रिपोर्टचा अर्थ, 'घेऊ का नको' यावर हात जोडून डॉक्टरांकडे पाठवा. चाचणी चालू असलेल्या दोन पेशंटना गोळीची चव, रंग, त्रास यांची तुलना करू देऊ नका. कोण कुठल्या गटात आहे याचे अंदाज सुरू होतात, ज्याला आपली गोळी नुसती वाटते तो ती घेणं सोडतो, आणि सगळ्यांचे कष्ट वाया जातात. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे फार होतं. तुमच्याशी बोलायला पेशंट आपणहून तयार झाला आहे ना, हे विचारून घ्या. त्याचं नाव आणि आजार तुमच्या घरातसुद्धा बोलू नका.

पैशाचं स्पष्ट ठेवा. येण्याजाण्याचा खर्च घ्यायला हरकत नाही. पण अमुक इतक्या पेशंटनी सह्या केल्या म्हणून तुम्हाला काही मिळणार असेल, तर ते घेऊ नका आणि ते काम सोडा. रुग्णालय तुम्हाला छापील कागद वाटायला देणार असेल, तर तो एथिक्स कमिटीनं पाहिला आहे का, हे विचारा. पेशंटच्या हातात जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून जायला हवा.

ज्या पेशंटनं तुमच्याशी बोलून 'नाही' म्हटलं, त्याचीही पुढच्या ओपीडीच्या दिवशी चौकशी करा. डॉक्टर नाराज तर नाहीत ना, ही धास्ती त्याला असते. तुमच्या रुग्णालयाच्या मेडिकल सोशल वर्करना या आठवड्यात भेटा आणि पहिले काही दिवस त्यांच्या शेजारी बसून नुसतं ऐका.